दुसऱ्या टोकाची गाठ

१

ही गेली ते मला शिट्टीवरून कळलं.

आमच्या केंद्राचे दोन भाग आहेत. खाली धक्क्यावर शिडाच्या नौका शिकवतात आणि वर कड्यावर दोरावरून चढणं-उतरणं. मी खाली शिडं शिवतो. ही वर शिकवायची. उतरायला लागताना ती एक लांब शिट्टी द्यायची आणि पाय टेकले की दुसरी. लग्नापासून मी त्या दोन शिट्ट्यांच्या मधला वेळ सुई हातात धरून काढत आलो. दुसरी ऐकू आली की टाका घालायचा.

त्या सकाळी पहिली आली. मग बराच वेळ काही नाही. मग कोणीतरी वेड्यासारखं फुंकतच राहिलं.

केंद्राचा वर्धापनदिन होता. पाहुणे गच्चीवर खुर्च्या टाकून बसले होते. ही प्रात्यक्षिकासाठी सगळ्यांत आधी उतरत होती. मी धावत पोचलो तेव्हा तिच्या अंगावर कोणीतरी कोरं शीड टाकलं होतं. माझ्याच हातचं. शिवण मी लगेच ओळखली.

दुपारी साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, झेंडा अर्ध्यावर उतरवला आणि भाषण केलं. "आमची वाघीण गेली," म्हणाले. रुमाल काढला, डोळ्यांना लावला आणि घडी न मोडता परत खिशात ठेवला. मी समोरच बसलो होतो. 

चौकशी झटपट उरकली. निष्कर्ष एका ओळीत मावला. दोराच्या एका टोकाला गाठ होती, दुसऱ्याला नव्हती, म्हणजे प्रशिक्षिका गाठ मारायला विसरली. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी कड्याच्या पायथ्याशी पाटी लावली. पिवळ्यावर काळी अक्षरं:

"दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारा. एक अनुभवी प्रशिक्षिका विसरली आणि प्राणाला मुकली."

शिकायला येणारी पोरं ती पाटी मोठ्याने वाचून वर जायची. मला खिडकीतून ऐकू यायचं.

आमची लेक दुसऱ्या शहरात असते. आईसारखीच कड्यांवर चढते, म्हणजे चढायची. तिला कोणीतरी पाटीचा फोटो पाठवला. तिने फोन केला.

"बाबा, आई खरंच विसरली?"

"नाही गं."

"मग गाठ का नव्हती?"

मला सांगता येईना. ती म्हणाली, "मी दोर विकून टाकतेय. आई विसरू शकते, तर माझी काय कथा?"

त्याच संध्याकाळी हिची थोरली बहीण बॅग घेऊन दारात उभी राहिली. ताई आयुष्यभर कोर्टात साक्षी टाइप करत होत्या. चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या, "भाऊजी, ती पाटी मी वाचून आले. पुसून टाकावीशी वाटली, पण हात घाण झाले असते. दोर कुठाय?"

२

दोर घरातच होता. पोलिसांनी हिच्या सामानाबरोबर प्लास्टिकच्या गोणीत भरून परत दिला होता. मी गोणी उघडली नव्हती. कपाटाच्या मागे सारून ठेवली होती.

"मला दोरातलं ओ की ठो कळत नाही," ताई म्हणाल्या. "लहान मुलाला सांगता तसं सांगा."

मी सांगितलं. उतरताना दोर मधोमध दुमडतात, वरच्या लोखंडी कडीतून ओवतात आणि दोन्ही पदर खाली सोडतात. माणूस दोन्ही पदरांना लागून उतरतो. खाली आलं की एक पदर ओढायचा, सगळा दोर खाली येतो. म्हणून दोन्ही पदर सारखे लागतात. मध्य कळावा म्हणून ही तिथे काळा पट्टा रंगवायची. आणि दोन्ही टोकांना जाड गाठ. दोर कमी पडला तर ती गाठ कमरेच्या पट्ट्यावरच्या लोखंडात अडकते आणि माणूस लटकतो, पण पडत नाही.

"आणि एकच टोक कमी पडलं, त्याला गाठ नसली तर?"

"तर ते टोक निसटतं. मग वरच्या कडीतून सगळा दोर सरकत येतो. माणसासकट."

ताईंनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसता राग होता, थंड.

एका टोकाची गाठ जागेवर होती. तिच्यावर जांभळ्या नेलपॉलिशची आडवी रेघ. हिने उभ्या जन्मात नखं रंगवली नाहीत, पण बाटली कायम स्वयंपाकघरातल्या फळीवर असायची. गाठ घट्ट केली की तिच्यावरून एक रेघ ओढायची. कोणी गाठ सोडून परत मारली तर रेघ जुळत नाही. "नवऱ्यावर नसेल एवढा गाठीवर डोळा," असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "नवरा सुटला तर मी मरणार नाही."

"काळा पट्टा शोधा," ताई म्हणाल्या.

दोर निळा आणि चांगलाच लांब होता. घरात मावेना. आम्ही मजल्याच्या गॅलरीत गेलो. ताईंनी पट्टा जिन्याच्या कठड्यावर धरला आणि मी दोन्ही पदर ओढत चाललो.

शेजारीण दारात आली. "कपडे वाळत घालताय?"

"हो," ताई म्हणाल्या, "केंद्राची मळकी आहेत."

गाठीचा पदर गॅलरीच्या पार शेवटच्या दारापर्यंत गेला. दुसरा शेजारणीच्या चपलांच्या कपाटाशीच संपला. मी दोनदा ओढून पाहिला. कुठे अडकला नव्हता. संपलाच होता.

"कड्याच्या वरून हे दिसलं नसतं?" ताईंनी विचारलं.

"मध्ये कड्याचं पोट पुढे आलंय. खालची टोकं वरून दिसत नाहीत. तिने पट्टा कडीत ठेवला असेल आणि पट्ट्यावर विसंबली असेल."

ताई खाली बसल्या. आखूड टोक हातात घेतलं. "हे लाल काय आहे?"

टोकाला लाल दोरा गुंडाळला होता. घट्ट, एकाशेजारी एक वेढे, चांगले चार बोटं रुंद.

"दोर कापला की टोक उसवतं," मी म्हणालो. "कड्यावरची माणसं लायटरने टोक वितळवून टाकतात. नौकेवरची माणसं मेणाचा दोरा गुंडाळतात."

"म्हणजे कोणीतरी कापला. गाठीसकट तुकडा नेला. आणि कापणारा खालचा होता, नौकांच्या बाजूचा."

"हो."

"हा लाल दोरा कुठे मिळतो?"

मी तो दोरा नखाने खरवडून पाहिला. मेण माझं होतं. मी स्वतः घालतो तेच, थोडं जास्त.

"ताई," मी म्हणालो, "हा दोरा सगळ्या केंद्रात फक्त माझ्या खोलीत असतो."

३

"तुमच्यावर मी शंका घेत नाहीये," ताई दुसऱ्या दिवशी केंद्राच्या वाटेवर म्हणाल्या. "तुम्ही कापला असता तर टोक मला दाखवलं नसतं. एवढी अक्कल तुम्हाला आहे."

"उपकार झाले."

"दोरा कोण कोण घेतं?"

रीळ माझ्या दाराशीच टांगलेलं असतं. ज्याला हवा तो ओढून तोडून नेतो. मी कधी विचारत नाही. कोणी चपलेचा पट्टा शिवतं, कोणी पतंगाला लावतं.

आधी आम्ही छोटीकडे गेलो. छोटी हिच्या हाताखाली शिकवायची. उंचीमुळे सगळे तिला छोटी म्हणतात, हीही म्हणायची. चौकशीत तिची लेखी साक्ष होती, आणि तिच्यामुळेच सगळं ठरलं होतं. ती हेल्मेटं पुसत बसली होती. मला पाहिल्यावर उठली आणि परत बसली.

"काका, मी तुमच्याकडे येणार होते."

"आली नाहीस," मी म्हणालो.

ताईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. "बाळा, तू लिहून दिलंस ते शब्द आठवतात?"

"'मॅडमना त्या सकाळी टोकाला गाठ मारताना मी पाहिलं नाही.'"

"खरं आहे?"

"खरंच आहे."

"आता दुसरं सांग. इतर दिवशी सकाळी त्यांना गाठ मारताना कधी पाहिलंयस?"

छोटीने हेल्मेट खाली ठेवलं. "नाही."

"एकदाही?"

"टोकाच्या गाठी कायमच्याच असतात. त्या आम्ही सोडतच नाही. मॅडम संध्याकाळी दोर पूर्ण हाताखालून घालून तपासायच्या, गाठींवरची रेघ बघायच्या आणि पिशवीत भरायच्या. सकाळी पिशवी थेट वर. मॅडमचा नियमच होता, संध्याकाळनंतर पिशवीला कोणी हात लावायचा नाही."

"आदल्या संध्याकाळी तपासला होता?"

"माझ्यासमोर. दोन्ही गाठी होत्या. शपथ."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"मी सांगत होते. साहेब म्हणाले, विचारलंय तेवढंच लिही, जास्त लिहिलंस तर पोलीस तुलाच धरतील, पिशवी तू वर नेलीस." ती रडायला लागली. "काका, मी नोकरीला घाबरले."

मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. हिने त्या पोरीला कडा चढायला शिकवला, आमच्या घरी जेवू घातलं, आणि तिने एक खरं वाक्य देऊन हिला खोटं पाडलं. मी भिंतीवरच्या हुकांकडे बघत राहिलो. हिची रिकामी पिशवी अजून तिथेच लोंबत होती.

"पिशवीचं काही?" ताईंनी शांतपणे विचारलं. "सकाळी नेलीस तेव्हा?"

छोटीने नाक पुसलं. "तोंडाची नाडी... बुटाच्या नाडीसारखी फुल करून बांधलेली होती. मॅडम फुल कधीच करत नसत. मला वाटलं, आज पाहुणे म्हणून घाईत असतील."

"आणि दोर सोडलास तो तू?"

"मीच. पिशवीतून काढत काढत सोडला. ते दुसरं टोक माझ्याच हातातून गेलं असणार. गाठ लागली की नाही ते... मी पाहुण्यांकडे बघत होते."

४

स्टोअरवाला त्याच्या खिडकीमागे बसला होता. समोर कुलूप आणि पाठीमागे दोरांची वेटोळी. ताईंनी लाल वेढ्यांचं टोक त्याच्यापुढे धरलं. त्याने ते हातात घेतलंच नाही.

"माझा काही संबंध नाही."

"मी अजून काही विचारलंच नाही."

"आदल्या दिवशी मी लवकर घरी गेलो. मुलीला बघायला माणसं येणार होती. किल्ली माझ्या खिशात. स्टोअर उघडलंच नाही. ज्याला दोर हवा त्याने माझ्याशिवाय कुठून आणला, त्याने त्याचं बघावं."

"कोणाला दोर हवा होता?"

तो थांबला. जीभ घसरल्याचं त्याच्याही लक्षात आलं.

"साहेब ओरडत होते. झेंड्याचा दोर झिजलाय, मळलाय, पाहुण्यांसमोर लाज जाईल म्हणून. मी म्हटलं, उद्या सकाळी देतो. पण सकाळी कोणी मागितलाच नाही."

"नवा दोर आला कुठून मग?"

"कप्तानने आणला असेल. नौकांवरून."

"तुम्ही नौकांसाठी कुठला दोर मागवता?"

"पांढरा. निळा फक्त कड्यासाठी. बिलं दाखवू?"

"नको," ताई म्हणाल्या. "तुमचं तोंड पुरे आहे."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "त्याने कापला असेल तर?"

"ज्याच्या खिशात अख्ख्या स्टोअरची किल्ली आहे, तो पिशवीतून दोर कशाला चोरेल? हा माणूस नुसता ओशाळलेला आहे. ओशाळलेल्यांची इथे काही कमी दिसत नाही."

कप्तान धक्क्यावर होता. नौकेचा मोठा मास्तर तो. नाव कप्तान, पण कुठल्याही जहाजावर कधी नव्हता. त्याची माझी जुनी दोस्ती. त्याने आम्हाला पाहून चहा मागवला. ताईंनी कपाला हात लावला नाही.

"हे गुंडाळणं तुमचं का?"

कप्तानने टोक घेतलं, उलटंसुलटं केलं आणि हसला. "बाई, शिव्या द्यायच्या तर सरळ द्या. हे माझं? एवढी रुंद पट्टी कोण करतं? दोर जेवढा जाड, तेवढीच रुंदी पुरते. हे म्हणजे बोट कापलं म्हणून दंडापर्यंत बँडेज. दोरा फुकटचा असला की असं सुचतं."

मी म्हणालो, "त्याचं सुईने शिवून पक्कं केलेलं असतं, ताई. हे त्याचं नाही."

"त्या संध्याकाळी कुठे होतात?"

"पाण्यावर. अख्खी तुकडी बरोबर होती. अंधार पडल्यावर आलो. सकाळी झेंडा चढवायला गेलो, तर दोर बदललेला. कप्पीतून ओवून तयार."

"दोर कुठल्या रंगाचा होता?"

कप्तानने चहाचा घोट घेतला. फार मोठा घोट.

"आठवत नाही."

"रोज सकाळ-संध्याकाळ तुम्ही तो झेंडा चढवता, उतरवता."

"वय झालं, बाई."

"तू ओळखलंस," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "कप्तान, तू तो दोर रोज हातात धरतोस आणि तू ओळखलंस."

तो पाण्याकडे बघत राहिला. "निवृत्तीला थोडंच राहिलंय, मित्रा. मला काही म्हणायचं नाही. मी काही केलेलं नाही."

मी कप उचलला आणि त्यातला चहा पाण्यात ओतला. त्या माणसाच्या लग्नाला मी मांडवाचं कापड शिवलं होतं.

"चला," ताई म्हणाल्या. "आता त्यांना भेटू, ज्यांना झेंड्याची फार लाज वाटत होती."

५

साहेबांची केबिन गार असते. आम्ही गेलो तर ते लगेच उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात मऊ आणि ओलसर होते. मी सोडवून घेतले.

"मला सुद्धा झोप नाही हो," साहेब म्हणाले. "बसा, बसा. ताई ना तुम्ही? चेहऱ्यात किती साम्य! आम्ही कड्याजवळच्या नव्या शेडला त्यांचं नाव देतोय. मोठी अक्षरं. तुम्ही उद्घाटनाला या."

"पाटीवर नाव दिलं नाहीत," ताई म्हणाल्या.

"ती सावधगिरीची पाटी. नाव घालणं बरं दिसत नाही. पण मुलं शिकतात त्यातून. एका परीने त्यांचं बलिदान कामी आलं."

मी खिडकीकडे तोंड केलं.

ताई मात्र भिंतीकडे बघत होत्या. साहेबांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत लाकडी फळी होती. तिच्यावर दोराचे तुकडे ठोकून निरनिराळ्या गाठी दाखवल्या होत्या. खाली पितळी पट्टीवर साहेबांचं नाव.

"हे तुम्ही केलंय?"

"छंद," साहेब खुलले. "मी काही दर्यावर्दी नाही, ऑफिसचा माणूस. पण एक-दोन गोष्टी शिकून घेतल्या. पाहुण्यांना करून दाखवतो. खास करून ते शेवटचं, टोकाला दोरा गुंडाळणं. पाहुणे खूश होतात."

ताई उठून काचेजवळ गेल्या. मीही गेलो. फळीवरच्या शेवटच्या तुकड्याला लाल दोरा होता. घट्ट, एकाशेजारी एक वेढे. ताईंनी काचेवर चार बोटं टेकवली. पट्टी बरोबर बोटांखाली झाकली गेली.

"एवढी रुंद?"

"लांबून दिसायला नको का? मागच्या रांगेतल्या पाहुण्यांना?"

ताईंनी पर्समधून आमच्याकडचं आखूड टोक काढलं. मापापुरतं त्यांनी ते सकाळी माझ्याकडून कापून घेतलं होतं, बाकीचा दोर घरी होता. त्यांनी ते काचेला लावलं. वेढा न वेढा तसाच.

साहेब बसले नाहीत, पण खुर्चीच्या पाठीला त्यांनी हात टेकला.

"कोणीही गुंडाळू शकतं," ते म्हणाले. "मी शेकडो मुलांना शिकवलंय."

त्याच वेळी माझी नजर खिडकीबाहेर गेली आणि मी ताईंचा दंड धरला. अंगणातल्या डोलकाठीवर झेंडा फडफडत होता. तीच काठी, तोच झेंडा, ज्याच्याखाली बसून मी साहेबांचं भाषण ऐकलं होतं. त्या दिवसापासून मी मान वर केली नव्हती.

झेंड्याचा दोर निळा होता.

६

आम्ही अंगणात गेलो. साहेब मागोमाग आले. कप्तान धक्क्यावरून चढून आला, छोटी शेडमधून आली. स्टोअरवाला खिडकीतूनच बघत राहिला.

झेंड्याचा दोर खालच्या खुंटीवर वेढे देऊन गुंडाळलेला होता. उरलेला दोर वेटोळं करून खुंटीवरच अडकवलेला.

"सोडू?" मी ताईंना विचारलं.

"तुम्हीच सोडा."

मी एकेक वेढा काढला. वेटोळ्याच्या आत शेवटाला माझ्या हाताला ती लागली. जाड, घट्ट, तिच्या हातची. गाठीवर जांभळी रेघ होती. आडवी, न मोडलेली.

सगळं जग म्हणत होतं की ही गाठ मारलीच नाही.

छोटीने तोंडावर हात घेतला. कप्तान म्हणाला, "मला वाटलं, दोर कप्पीतून निसटू नये म्हणून कोणी शहाण्याने मारली असेल." कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

ताई बोलायला लागल्या. कोर्टात वाचून दाखवतात तशा, आवाज न चढवता.

"संध्याकाळी माझ्या बहिणीने दोर तपासला, तेव्हा दोन्ही गाठी होत्या. सकाळी दोर खाली सोडला, तेव्हा एकच होती. मधल्या वेळात कापला. स्टोअरवाल्याकडे आख्खं स्टोअर होतं. कप्तान पाण्यावर होते आणि त्यांची पट्टी अशी नसते. छोटीने कापला असता तर टोक जाळलं असतं, आणि पिशवीला मॅडमसारखीच गाठ मारली असती. राहिला तो माणूस, ज्याला सकाळपर्यंत चांगला दिसणारा दोर हवा होता, ज्याला शिडांच्या खोलीतला लाल दोरा माहीत होता आणि जो कापलेलं टोक तसंच सोडू शकत नव्हता, कारण त्याला तेवढंच एक काम छान येतं. पिशवी मात्र त्याने बुटाच्या नाडीसारखी बांधली. ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं."

साहेब एकदम बोलत सुटले. "मला काय माहीत! एवढा लांब दोर, टोकाचा थोडासा तुकडा घेतला. मला वाटलं फालतू उरलेला असेल. गाठ होती म्हणजे शेवट असेल. मी मुद्दाम केलं नाही. ताई, मी मुद्दाम नाही केलं!"

"हे मी मानते," ताई म्हणाल्या.

ते थबकले. त्यांना वाटलं, सुटलो.

"कापताना तुम्हाला कळलं नाही, मानते. पण ती पडली आणि दोर तिच्यामागून खाली आला, तेव्हा कळलं. त्याच दुपारी ह्याच दोराने तुम्ही झेंडा अर्ध्यावर आणलात. मग पोरीला अर्धी साक्ष लिहायला लावलीत. मग बसून, विचार करून, ती पाटी लिहिलीत. पाटीवरचा रंग वाळेपर्यंत तुम्हाला वेळ होता. तेही चुकून झालं?"

साहेब माझ्याकडे वळले. "अहो, तुम्ही तरी सांगा. आता ती परत येणार आहे का? केंद्र बंद पडेल, ह्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील. तुमचीसुद्धा."

त्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. त्यांनी रुमाल काढला, घडीचा, तोच असेल. मला मारावंसं वाटलं नाही. त्यांना हात लावायचीच शिसारी आली. मी दोर सोडला. झेंडा सरसरत खाली आला आणि त्यांच्या पायाशी पडला.

७

पोलीस आले आणि निळा तुकडा गाठीसकट घेऊन गेले. छोटीने नवी साक्ष दिली आहे. ती रोज मला फोन करते. मी उचलत नाही. कप्तानने साक्ष द्यायचं कबूल केलं आणि मग तब्येतीचं कारण काढून रजेवर गेला. साहेबही रजेवर आहेत. पगारी.

मी काम सोडलेलं नाही. शिडाची खोली तीच आहे, मशीन तेच. लाल दोऱ्याचं रीळ मी दाराशी टांगत नाही.

ताईंनी गाठीचे फोटो काढून लेकीला पाठवले. रेघ जवळून दिसेल असे. त्या रात्री तिचा फोन आला. बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग म्हणाली, "बाबा, रेघ सरळ आहे."

"हो गं. मोडलेली नाही."

"दोर मी विकला नाही अजून. घेणारा आला होता, मी दार उघडलं नाही." मग थोड्या वेळाने, "पण बाबा, मी अजून तो बाहेर काढलेला नाही."

मी म्हटलं, "नको काढूस. घाई नाही."

ताई गावी परत गेल्या. जाताना नेलपॉलिशची बाटली हातात घेऊन बघितली आणि परत फळीवर होती तिथेच ठेवली.

चौकशी पुन्हा उघडली आहे, असं मला लेखी कळवलं आहे. जुना निष्कर्ष अजून रद्द झालेला नाही. तो रद्द झाल्याशिवाय केंद्राच्या आवारातली कुठलीही वस्तू हलवता येणार नाही, असं नव्या प्रभारी बाईंनी मला सांगितलं. म्हणजे झेंड्याची काठी तशीच, पिशवीचा हूक तसाच.

कड्याखालची पाटीही तशीच आहे. आज सकाळी नव्या तुकडीने ती मोठ्याने वाचली.